सहावी पोच

रुग्णालयाच्या संगणकांची सगळी घडी ताईनेच बसवली होती. रुग्ण दाखल झाला की एक संदेश सुटायचा, आणि खाटा, औषधे, तपासण्या, जेवण, साफसफाई अशा पाच विभागांचे प्रोग्राम तो ऐकून 'मिळाला' अशी पोच द्यायचे. ऐकणारे पाचच होते. तरी काही रुग्णांच्या वेळी पोचा सहा येत.

"हा सहावा कोण रे?" तिने शेजारच्या सहकाऱ्याला विचारले.

"तुझंच पोर, तूच ओळख," तो हसला. मग त्याने त्या रुग्णांची यादी वाचली आणि त्याचे हसू मावळले. "ताई, यातला एकही माणूस जिवंत घरी गेलेला नाही."

तेवढ्यात धाकट्या भावाचा फोन आला. "बाबांच्या छातीत दुखतंय. खाली नोंदणीच्या खिडकीशी उभे आहोत."

"नाव संगणकात टाकू देऊ नकोस!" ती ओरडली. "कागदावर लिहून घ्यायला सांग. मी आलेच."

"बरं, नाही देत."

ती खुर्चीतून उठली. पडद्यावर नवा संदेश सुटला नव्हता. पाचही विभाग गप्प होते. तळाशी फक्त एक ओळ उमटली. बाबांचे पूर्ण नाव, आणि त्यापुढे 'मिळाला'.