खडूची खूण

कॅमेऱ्यात सोपानराव दिसले आणि परीक्षा सुरू व्हायची थांबली.

थेरगावातली तिसऱ्या मजल्यावरची एकच खोली. वर्षालीने लॅपटॉप उचलून चारी भिंती दाखवल्या, ओटा दाखवला, टेबलाखालचं दाखवलं. त्यात कॉटवर मांडी घालून बसलेले वडीलही दिसले. पलीकडून पाहणाऱ्याने पडद्यावर लिहून कळवलं, खोलीत दुसरं कुणी नको. मध्येच दार उघडलं, कुणी बोललं, तुम्ही खुर्चीतून उठलात, तर परीक्षा रद्द.

"आप्पा, बाहेर बसावं लागेल तुम्हाला. दोन तास."

"मला बघून कोन कॉपी करनार गं? सातवी नापास मानूस मी." सोपानराव हसत उठले. चपला पायात सरकवताना म्हणाले, "मशीन थांबवू नको."

ते त्यांचंच वाक्य. भोसरीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं त्यांनी तयार माल तपासला होता. मागच्या खेपेला वर्षाली एकेका प्रश्नाला धरून बसली, वेळ संपला, नऊ प्रश्न कोरे राहिले आणि क्लाउडची परीक्षा हातची गेली. तेव्हा ते म्हणाले होते, "येखादा नग मापात बसंना, तर आमी त्याला खडूची खूण करायचो आन् बाजूला ठेवायचो. मशीन चालूच. शेवटाला परत हातात घ्यायचा."

मग तीन महिने ती सराव करायची आणि ते घड्याळ धरून कॉटवर बसायचे. दीड मिनिट झालं की वाकून फरशीवर खडूची एक रेघ. रेघ दिसली की प्रश्न सोडायचा. आज सकाळी तिने त्या रेघा ओल्या फडक्याने पुसल्या होत्या. नाहीतर पलीकडच्याला वाटायचं, उत्तरंच लिहिलीत.

आता खडूच्या जागी बटण होतं. अडलं की खूण, आणि पुढे. या खेपेला पास झाली तर क्लाउडच्या टीममध्ये घेणार होते. नाहीतर कंपनी पुन्हा बसवणार नव्हती. मग आत्ताची हेल्पडेस्कची रात्रपाळी आहेच.

चौतिसाव्या प्रश्नावर दार वाजलं.

एकदाच. बोटाच्या पेराने, झोपलेल्या बाळाला उठवू नये तसं.

तिला कळलं. संडास आत, खोलीत. रक्तदाबाची गोळी तिनेच दहा वाजता त्यांच्या तळहातावर ठेवली होती, रोजच्या सवयीने. ती गोळी घेतली की त्यांना दर अर्ध्या तासाला जावं लागायचं. शेजारच्या खोलीला कुलूप, आणि खाली उतरायचं तर तीन जिने, त्यांचे ते गुडघे.

तिची नजर दाराकडे गेली. लगेच पडद्यावर ओळ उमटली, कृपया समोर बघा.

हा एक झाला की, असं ती मनात म्हणाली. चौतिसावा सुटत नव्हता. तिने खूण केली आणि पस्तिसावा उघडला.

दार दुसऱ्यांदा वाजलं नाही. वाजलं असतं तर मी उठले असते, असं ती पस्तिसाव्यालाही म्हणाली, चाळिसाव्यालाही, आणि पुढे तिने ते म्हणणं सोडलं.

शेवटी अकरा मिनिटं उरली आणि अकरा खुणा. एकेक खूण तिने परत हातात घेतली, उलटून पालटून पाहिली, एकही विसरली नाही. मग पडद्यावर निकाल आला. पास.

तिने दार उघडलं.

सोपानराव गच्चीकडे जाणाऱ्या जिन्यावर, उन्हाचा पट्टा होता त्या पायरीवर बसले होते. पायजमा कमरेपासून घोट्यापर्यंत ओला, पिळून पुन्हा घातल्यासारखा चुरगळलेला. चपला धुऊन भिंतीला उभ्या केलेल्या. दारापासून गच्चीपर्यंतची प्रत्येक पायरीही धुतलेली होती.

"गच्चीवरचा नळ सोडाया गेलो," ते म्हणाले, "तर अंगावरच उडालं सगळं पानी." मग तिच्या तोंडाकडे बघितलं. "झालीस?"

"झाले, आप्पा."

"मशीन थांबवलं न्हाईस ना?"

तिने मान हलवली.

"बेस केलंस."

ती खालच्या पायरीवर टेकली. त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवायला गेली, तर त्यांनी पाय हळूच आत ओढून घेतले.

मग काहीतरी आठवल्यागत त्यांनी पायजम्याच्या खिशात हात घातला. खडूचा तुकडा निघाला, भिजून मऊ झालेला. त्याच्यावर अंगठ्याचा ठसा उमटत होता. त्यांनी तो वरच्या पायरीवर उन्हात ठेवला आणि तिला म्हणाले, "वाळंल. वाळला की चालतो परत."