वजा केलेली थरथर

"सर, दोष टेबलाचा नाही," नवी तंत्रज्ञ म्हणाली. "मी तीनदा तपासलं. जुन्या फितींतली थरथर माझ्या एकाही चित्रफितीत नाही."

गणितीने पडद्यावरून नजर काढली नाही. पडद्यावर चेतापेशीचा लांबलचक धागा होता आणि त्यावरून मालाची गाठोडी चालली होती. पेशीतही हमाल असतात, डोळ्यांना न दिसणारे. काही गाठोडं बाहेर ओढतात, काही माघारी. या ओढाताणीत कुठलं गाठोडं कुठवर पोचेल आणि कुठे अडकेल, हे समीकरणांत मांडण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती.

चित्रफिती घ्यायची त्याची बायको. सलग अकरा वर्षं. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा, काच सरकवायच्या चाकावर डावा हात ठेवायचा आणि पळतं गाठोडं नजरेच्या टप्प्यात धरून ठेवायचं. इतका हलका हात सगळ्या प्रयोगशाळेत दुसरा नव्हता.

दोन वर्षांपूर्वी तिच्या चित्रांत थरथर दिसू लागली. सगळी गाठोडी एकदम हलायची, सेकंदाला पाच वेळा. कवायत केल्यासारखी गाठोडी हलत नाहीत. म्हणजे हलतंय ते टेबल, असं त्याने ठरवलं आणि प्रोग्रॅममध्ये दोन ओळी घालून ती थरथर वजा करून टाकली. तिला म्हणालाही, "फितीत जरा खडखड आहे. असू दे, मी काढून टाकतो." ती काही बोलली नव्हती.

चार महिन्यांपूर्वी ती काम सोडून घरी बसली. विचारलं तर म्हणाली, "कंटाळा आला." त्याला ते फार लागलं. काम ऐन भरात असताना हिने अंग काढून घेतलं, असं त्याच्या मनाने घेतलं. तेव्हापासून घरात बोलणं गरजेपुरतं उरलं. किल्ली कुठे आहे, दूध आणायचंय का, एवढंच. तो त्याच्या खोलीत, ती तिच्या. मधल्या दाराला कुणी कडी लावली नव्हती, पण ते उघडतही नव्हतं.

"आणखी एक आहे," तंत्रज्ञ जरा घुटमळली. "टेबल हललं तर चित्र कसंही हलेल. हे फक्त चाकाने काच सरकते त्या दिशेनेच हलतंय. बाईंचा हात चाकावर असायचा ना?"

तंत्रज्ञ गेल्यावर त्याने आपल्या त्या दोन ओळी खोडल्या आणि बायकोच्या दोन वर्षांपूर्वीपासूनच्या फिती ओळीने लावल्या. महिन्यामागून महिना थरथर मोजून आलेख काढला. रेघ कुठेही न अडखळता वर चढत गेली होती. अशा रेघा वाचण्यातच त्याचा जन्म गेला होता. ही मात्र त्याच्याने वाचवेना.

मग एकेक आठवत गेलं. तिने कप अर्धाच भरून घ्यायला सुरुवात केली होती. बटणांचे सदरे कपाटात मागे गेले होते. चालताना डावा हात सदैव खिशात. सगळं त्याच्या डोळ्यांदेखत झालं होतं.

भर दुपारी तो घरी आला. ती खिडकीपाशी बसली होती, डाव्या हातावर उजवा हात घट्ट ठेवून.

"आज लवकर?" तिने विचारलं.

तो खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. इतक्या जवळ तो कित्येक महिन्यांत बसला नव्हता.

"डॉक्टरकडे जाऊन आलीस?"

"चारदा."

"एकटीच?"

"हं."

"मला एका शब्दाने सांगितलं नाहीस."

तिने उजवा हात बाजूला केला. डावा हात गुडघ्यावर थरथरू लागला. त्याला मोजायची गरज पडली नाही.

"रोज तर पाठवत होते तुझ्याकडे," ती म्हणाली. "मला वाटलं, पहिल्याच महिन्यात ओळखशील."