उरलेला टॅब

लॅपटॉप उघडताच शैलाताई चिडल्या. ‘नंतर वाचू’ म्हणून ठेवलेले दीडशे टॅब नव्या, बोलणाऱ्या एआय ब्राउझरने परस्पर बंद केले होते. उरला होता एकच, मानेवरच्या गाठीविषयीच्या लेखाचा.

“हाच बरा ठेवलास?”

“बाकीचे तुम्ही पुन्हा उघडलेच नाहीत. हा अकरा वेळा उघडलात आणि दर वेळी अर्ध्यावर सोडलात,” ब्राउझर म्हणाला. “डॉक्टरांची उद्या दहाची वेळ मिळतेय. घेऊ?”

मानेवरच्या गाठीवरून बोट फिरवत त्या म्हणाल्या, “घे.”

“वेळेत आलात,” दुसऱ्या दिवशी गाठ तपासून डॉक्टर म्हणाले. गाठ निघाली, टाकेही सुकले. दसऱ्याला शैलाताईंनी पहिलं झेंडूचं फूल लॅपटॉपला वाहिलं.

“तो टॅब आता बंद करू?” ब्राउझरने विचारलं.

“थांब जरा,” त्या म्हणाल्या, आणि चष्मा लावून त्यांनी तो पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचला.