उठलेली पाखरं

१९७४ च्या हिवाळ्यात केनवडचा गोविंदसिंग बायकोला घेऊन भरतपूरला गेला. लग्नाआधी, संस्थानाच्या काळात, तीन हिवाळे त्यानं तिथं नोकरी केली होती. आता तिथं पक्ष्यांचं अभयारण्य होतं. तळ्यावर हजारो बदकं बसलेली पाहून गोमतीबाई हरखली. ती टाळी वाजवणार, तोच त्यानं तिचे हात घट्ट धरले.

"काहून? उडतानी पाहू द्या न!"

"नको. बसू दे त्यायले."

"तुमीच त् सांगत होते, साहेबलोक शिकार करत, पन म्या एकबी पाखरू मारलं नाही."

"नाहीच मारलं. पन बसलेल्या पाखरावर साहेब बंदूक चालवत नव्हते. मी गुडघाभर पान्यात उभा राहून डबा वाजवाचो. पाखरं उठली का मंग ते बार काढाचे."

गोमतीबाईनं हात सोडवून घेतले नाहीत. दोघं तशीच बांधावर बसून राहिली.

सूर्य मावळताना सगळी बदकं आपसूक उठली. आभाळ भरून गेलं. कुठंच बार झाला नाही.

तरी गोविंदसिंगनं तिचे हात सोडून स्वतःचे दोन्ही कान गच्च दाबून धरले होते.