सुट्टीचा दिवस

संग्रहालयात मैत्रिणीच्या नवऱ्याने संगमरवरी बाईच्या छातीवर हात ठेवून फोटो काढून घेतला, आणि मैत्रीण खिदळली. रोज पू भरलेल्या जखमा धुणाऱ्या नर्सला शिसारी आली.

बागेत जेवताना तर त्याने ताळतंत्रच सोडलं. मचमच करत खाल्लं, दात कोरून काडी गवतात टाकली आणि तेलकट हात बायकोच्या ओढणीला पुसले. वर म्हणाला, "बायको म्हणजे चालताबोलता रुमाल!" बाकीच्या मैत्रिणी इकडेतिकडे बघू लागल्या. ही मात्र पुन्हा हसली.

तो सिगारेट आणायला गेला तशी नर्स उसळली, "हसतेस काय गं? मला ओकारी यायची बाकी राहिलीय. दरवेळी कशाला आणतेस याला?"

मैत्रीण ओढणीवरचा डाग चोळत राहिली. "त्याला नाही गं आणत, तुम्हाला बोलावते. चारचौघांत तो नुसता बोलतो, हात उचलत नाही. तेवढाच सुट्टीचा दिवस निभावतो."

बाग बंद होत असल्याची शिट्टी वाजली. चेहरा हसरा करून ती उठली.

नर्सने तिचं मनगट धरलं. "घरी जायचं नाही. माझ्याकडे चल."