रोज गाळलेली ओळ

विंचूरला कांद्याच्या ट्रकवरून पडल्यापासून भिमाजी खाटेवरच होते. कमरेखालचं काही कळायचं नाही. दहावीतली लेक शुभांगी त्यांच्या उशाशी बसून मोठ्यानं अभ्यास करायची.

"समपृष्ठरज्जू प्राण्यांच्या पाठीला पृष्ठरज्जूचा आधार असतो, पाठीतून चेतारज्जू, म्हणजे चेतातंतूंची दोरी, जातो. तारामाशासारख्या कंटकचर्मींच्या अंगात असा आधार नसतो, डोकंही नसतं. पण तारामाशाचा हात तुटला तरी नवा फुटतो." पुढची ओळ गाळून तिनं पान उलटलं.

"इथं आलीस की रोज अडखळतीस," भिमाजी म्हणाले. "माणसाचा चेतारज्जू तुटला की जुळत नाय, हेच लिहिलंय ना? डाक्टरनं मला कवाच सांगितलंय. वाच, पण हळू. तुझ्या आईनं माझ्या पायांसाठी सोळा सोमवार धरलेत."

देव्हाऱ्यापाशी बेल वाहणाऱ्या तिच्या आईचा, नवसाबाईंचा हात थांबला.

"मोठ्यानं वाच गं बाई," त्या मागं न बघता म्हणाल्या. "डाक्टर मलाबी बोललेत. मी महादेवाकडं पाय मागतच नाय. सकाळी उठल्यावर ह्यांची हाक ऐकू यावी, एवढंच मागते."