दीड मिलिमीटर

श्यामकांतरावांच्या हातून चहाचा कप लॅपटॉपवर कलंडला आणि लॅपटॉप बंद पडला. मुलीला, अनुजाला घेऊन ते गिरगावातल्या दुरुस्तीच्या दुकानात गेले.

"लॅपटॉप गेला तरी चालेल," ते दुकानदार हितेंद्रला म्हणाले. "आतली गाणी तेवढी काढून द्या. बायकोची आहेत. गळ्याच्या ऑपरेशनमध्ये तिचा आवाज गेला."

"बाबा, ती दुसरीकडे कुठेच ठेवली नाहीत?" अनुजा एकदम ओरडलीच.

"नाही गं. यातच होती."

हितेंद्रनं मागचं झाकण उघडून पाहिलं. "काका, जुन्या लॅपटॉपची डिस्क काढून दुसऱ्यात लावता यायची. यात ती मदरबोर्डलाच सोल्डर करून कायमची जोडलीय. बोर्ड जळला, म्हणजे सगळं गेलं."

"असं कशाला करतात?"

"पातळ करायला. दीड मिलिमीटर वाचतो."

अनुजानं मान खाली घातली. श्यामकांतरावांचा चेहरा मात्र उजळला. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"मग काळजीच नाही. या मॉडेलचं डिझाइन हिनंच केलंय. ही देईल ना काढून!"